एका फेरीची दोन बरोबर उत्तरं : ‘डिप्लोमसी’चा पंच आणि त्याची कसोटी-यादी

संशोधनाची तयारी करताना ‘नियम नीट वाचा, मग पुढे जा’ असं सांगणारे खूप भेटतात. पण नियम नीट वाचूनही उत्तर निघत नसेल तर? किंवा एकाच परिस्थितीची दोन उत्तरं निघत असतील आणि दोन्ही नियमात बसत असतील तर? हे सहसा कोणी सांगत नाही. आज ज्या लिखाणाबद्दल बोलायचं आहे ते याच प्रश्नावर आहे, आणि ते कुठल्याही विद्यापीठातून आलेलं नाही. ते एका बोर्डवरच्या खेळाच्या पंचांसाठी लिहिलेलं आहे. त्याचं नाव ‘डिप्लोमसी ॲडज्युडिकेटर टेस्ट केसेस’, थोडक्यात डीएटीसी. लेखक लुकास क्राउस्वाइक.

माझं मत आधीच सांगून टाकते : नियम, अर्थ आणि पसंती या तीन गोष्टी वेगळ्या कशा ठेवायच्या, हे शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. पण या यादीत दोन उणिवा आहेत, आणि त्या उणिवाही आपल्या कामाच्या आहेत. दोन्ही बाजू बघू. त्याआधी खेळ समजून घ्यावा लागेल.

खेळ थोडक्यात

‘डिप्लोमसी’ हा ॲलन बी. कॅलहॅमर या अमेरिकन माणसाने तयार केलेला खेळ. १९५९ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने ५०० प्रती काढल्या. पट म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या युरोपचा नकाशा. सात खेळाडू, सात सत्ता : इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान. नकाशावर ३४ रसद केंद्रं आहेत, त्यातली १८ ज्याच्या हातात येतील तो जिंकला.

फासे नाहीत, पत्ते नाहीत. नशिबाचा भाग जवळजवळ नाहीच. प्रत्येक फेरीत आधी खेळाडू एकमेकांशी बोलतात, तह करतात, शब्द देतात. मग प्रत्येकजण आपल्या पथकांचे हुकूम गुपचूप लिहितो. सगळे हुकूम एकदम उघडले जातात आणि एकाच वेळी अमलात आले असं धरलं जातं. दिलेला शब्द पाळायचं बंधन नाही, त्यामुळे कोण कोणाला फसवतोय हे तेव्हाच कळतं.

पथकं दोनच प्रकारची : सैन्य आणि आरमार. ताकद सगळ्यांची सारखी, १. एका प्रांतात एकच पथक राहू शकतं. हुकूम चार प्रकारचे. जागेवर थांबा. शेजारच्या प्रांतात जा. दुसऱ्या पथकाला पाठिंबा द्या, म्हणजे त्याची ताकद एकाने वाढते. आणि चौथा, फक्त आरमारासाठी : कॉन्व्हॉय, म्हणजे समुद्रात उभं राहून सैन्याला पलीकडच्या किनाऱ्यावर नेऊन सोडणं.

समोरासमोर बसून खेळताना निकालाबद्दल वाद झाला तर सातजण मिळून काय ते ठरवतात. पण हा खेळ लवकरच टपालाने खेळला जाऊ लागला. १९६३ मध्ये जॉन बोर्डमन या न्यूयॉर्कच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने ‘ग्राउस्टार्क’ नावाचं छोटं नियतकालिक काढून टपालावरचे डाव चालवायला सुरुवात केली. खेळाडू हुकूम पत्राने पाठवायचे, पंच निकाल छापून सगळ्यांना पाठवायचा. (कॅलहॅमर स्वतः पुढे टपाल खात्यात पत्रं वाटायचं काम करत होता, हा योगायोग मला फार आवडतो.) १९८० च्या दशकाच्या अखेरीस केन लो याने ‘जज’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याला ईमेलने हुकूम पाठवायचे, मुदत संपली की तो निकाल लावून सगळ्यांना ईमेल करायचा.

टपाल असो की ईमेल, एक गोष्ट बदलली : निकाल लावणारा आता खेळाच्या बाहेरचा होता. सातजणांनी कित्येक दिवस पत्रव्यवहार करून, एकमेकांना फूस लावून हुकूम पाठवलेले असतात, आणि त्यांचं काय झालं हे एकजण किंवा एक यंत्र सांगतं. एक डाव महिनोन्‌महिने चालतो. १९०३ सालच्या फेरीत चुकीचा निकाल लागला आणि ते १९०५ च्या फेरीत लक्षात आलं, तर मागे जाता येत नाही. त्या चुकीवर पुढचे सगळे तह आणि सगळे दगे उभे असतात.

फेरीचा निकाल लावायचा म्हणजे काय?

साधं उदाहरण घेऊ. फ्रान्सचं पॅरिसमधलं सैन्य बर्गंडीत जायला निघालं आहे, आणि त्याला मार्सेमधल्या फ्रेंच सैन्याचा पाठिंबा आहे. जर्मनीचं म्युनिकमधलं सैन्यही बर्गंडीतच निघालं आहे. फ्रान्सची ताकद २, जर्मनीची १. फ्रान्स बर्गंडीत शिरतो, जर्मनी म्युनिकमध्येच राहतो.

आता यात इटलीचा एक हुकूम घाला : पिडमाँटमधलं सैन्य मार्सेवर चालून जातं. मार्सेत फ्रेंच सैन्य आहे, ताकद १ विरुद्ध १, म्हणून इटलीला आत शिरता येत नाही. पण नियम असा आहे की पाठिंबा देणाऱ्यावर हल्ला झाला की तो हल्ला फसला तरी पाठिंबा तुटतो. (ज्या प्रांतावरच्या चढाईला पाठिंबा दिलाय तिथूनच हल्ला आला तर मात्र नुसत्या हल्ल्याने तुटत नाही.) म्हणजे मार्सेचा पाठिंबा गेला. फ्रान्स १, जर्मनी १. दोघंही अडले, बर्गंडी रिकामीच राहिली.

इटलीच्या हुकुमाने इटलीला काहीच मिळालं नाही, पण फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातला निकाल बदलला. म्हणून हुकूम ज्या क्रमाने आले त्या क्रमाने वाचून निकाल लावता येत नाही. कोणता निकाल कशावर अवलंबून आहे याची साखळी काढावी लागते आणि जो दुवा कोणावरच अवलंबून नाही तिथून सुरुवात करावी लागते. इथे तो दुवा म्हणजे इटलीचा हल्ला. तो झाला, एवढंच पुरे. मग पाठिंबा, मग ताकदीची तुलना, मग हालचाल.

प्रत्येक हुकूम एकतर यशस्वी होतो किंवा फसतो. पटावर ३४ पथकं असतील तर यश-अपयशाच्या शक्यता होतात २ चा ३४ वा घात, म्हणजे १,७०० कोटींहून जास्त. त्या सगळ्या कोणी तपासत नाही, कारण साखळी सरळ असली की एकच उत्तर शिल्लक राहतं. अडचण येते ती साखळीचं शेवटचं टोक वळून पहिल्या टोकाला येऊन मिळतं तेव्हा.

साखळीची गाठ

गाठीचा पहिला प्रकार निरुपद्रवी आहे. तुर्कस्तानची तीन पथकं : अंकाराहून कॉन्स्टँटिनोपलला, कॉन्स्टँटिनोपलहून स्मर्नाला, स्मर्नाहून अंकाराला. तिघांनी गोल फिरायचं ठरवलंय. प्रत्येकाला पुढची जागा रिकामी हवी. सगळे हलले असं धरलं तर सगळं जुळतं. कोणीच हललं नाही असं धरलं तरी जुळतं! प्रत्येकाच्या पुढे कोणीतरी बसलेलं आहे, म्हणून तो अडला. दोन्ही उत्तरं नियमाशी सुसंगत आहेत. नियमपुस्तक इथे स्पष्ट बोलतं : असं गोल फिरता येतं. प्रश्न मिटला.

दुसरा प्रकार कॉन्व्हॉयचा. इंग्लिश खाडीत फ्रान्सचं आरमार आहे आणि ते ब्रेस्टमधल्या फ्रेंच सैन्याला लंडनवर नेतंय. लंडनमध्ये इंग्लंडचं आरमार आहे. ते वेल्समधल्या इंग्लिश आरमाराला इंग्लिश खाडीवर चालून जायला पाठिंबा देतंय.

आता सावकाश बघा. कॉन्व्हॉय पार पडला असं धरू. मग फ्रेंच सैन्य लंडनवर हल्ला करतं, लंडनचा पाठिंबा तुटतो, वेल्सची ताकद १ उरते आणि खाडीतलं आरमार तिथेच टिकतं. म्हणून कॉन्व्हॉय पार पडतो. जुळलं. आता उलट धरू, कॉन्व्हॉय मोडला. मग लंडनवर हल्ला झालाच नाही, पाठिंबा शाबूत, वेल्सची ताकद २. खाडीतलं आरमार हुसकावलं जातं आणि म्हणून कॉन्व्हॉय मोडतो. हेही जुळलं.

दोन उत्तरं, दोन्ही ‘बरोबर’. आणि फरक किरकोळ नाही. एका उत्तरात कोणीच हलत नाही, दुसऱ्यात फ्रान्स इंग्लिश खाडी गमावतो. फ्रान्सच्या खेळाडूचा अख्खा डाव यावर उलटू शकतो.

तिसरा प्रकार आणखी वाईट, त्याला पांडिनचा विरोधाभास म्हणतात. वरच्याच परिस्थितीत जर्मनीची दोन आरमारं घाला : बेल्जियममधलं आरमार इंग्लिश खाडीवर निघालंय आणि उत्तर समुद्रातल्या आरमाराचा त्याला पाठिंबा आहे, ताकद २. कॉन्व्हॉय पार पडला असं धरा : लंडनचा पाठिंबा तुटतो, वेल्स १, बेल्जियम २, जर्मनी खाडीतून फ्रान्सला हुसकावतो, म्हणजे कॉन्व्हॉय मोडला. मोडला असं धरा : लंडनचा पाठिंबा टिकतो, वेल्स २, बेल्जियम २, दोघं एकमेकांना अडवतात, मधलं फ्रेंच आरमार वेढ्यातल्या शिबंदीसारखं सुरक्षित राहतं, म्हणजे कॉन्व्हॉय पार पडला. जे धराल त्याच्या उलट निघतं. इथे उत्तरच नाही.

ही काही छापण्यातली चूक नाही. प्रत्येक नियम सुटा घेतला तर अगदी शहाणा आहे. ‘हल्ल्याने पाठिंबा तुटतो’ हा शहाणा नियम, ‘वाहून नेणारं आरमार हुसकावलं तर कॉन्व्हॉय मोडतो’ हाही शहाणाच. एकत्र आले की ते स्वतःभोवती फिरतात.

यादीत काय आहे

डीएटीसी ही मुळात निकाल लावणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी केलेली कसोटी-यादी आहे. शंभराहून जास्त छोट्या परिस्थिती, प्रत्येकीत मोजके हुकूम आणि खाली अपेक्षित निकाल. सुरुवात इतकी बाळबोध आहे की हसू येतं. उत्तर समुद्रातलं आरमार थेट पिकार्डीत जाऊ शकतं का? नाही, ते शेजारी नाहीत. लिव्हरपूलचं सैन्य आयरिश समुद्रात जाऊ शकतं का? नाही. कीलमधल्या आरमाराला कीललाच जायचा हुकूम दिला तर? चालणार नाही. मग हळूहळू किनारे, गोल फिरणं, पाठिंबा, समोरासमोरच्या टकरी, कॉन्व्हॉय, माघार, नवी पथकं उभारणं, असं चढत जातं.

पण मला त्या यादीपेक्षा तिच्या आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. तिथे लेखकाने नियमपुस्तकातल्या सगळ्या संदिग्ध जागा काढून एकेक सुटी मांडली आहे. प्रत्येक जागेसाठी : इथे काय काय अर्थ निघू शकतात, जुन्या-नव्या आवृत्त्यांनी काय म्हटलंय, आणि शेवटी ‘मला यातलं हे पसंत आहे’. कॉन्व्हॉयच्या गाठीसाठी असे अनेक पर्याय एकाखाली एक येतात. एका पर्यायात गाठीत सापडलेल्या सगळ्याच चाली फसतात. दुसरा सायमन शिकमन याच्या नावाने ओळखला जातो : गाठ पडली की कॉन्व्हॉयने निघालेलं सैन्य जागेवरच थांबलं आणि त्याने कोणावर हल्ला केलाच नाही असं धरायचं, बाकीचं नेहमीसारखं सोडवायचं.

आपल्या दुसऱ्या प्रकारात या दोन पर्यायांचे निकाल वेगळे येतात. ‘सगळ्या चाली फसतात’ म्हटलं तर वेल्सचं आरमारही अडतं आणि फ्रान्स खाडीत राहतो. शिकमनचा नियम लावला तर लंडनचा पाठिंबा टिकतो आणि फ्रान्स खाडी गमावतो. पांडिनच्या गाठीत मात्र दोन्हीकडून एकच निकाल : कोणीच हलत नाही. क्राउस्वाइक यांची पसंती शिकमनला आहे, आणि ती पसंती आहे हे ते लपवत नाहीत.

इथे या लिखाणाची खरी ताकद आहे. बहुतेक पंच (आणि बहुतेक संशोधक, आपण धरून) तीन वाक्यं एकाच सुरात बोलतात : ‘नियमात असं लिहिलंय’, ‘नियमाचा अर्थ असा आहे’ आणि ‘मला असं बरं वाटतं’. वाचणाऱ्याला कळतच नाही की कुठे भांडायला जागा आहे आणि कुठे नाही. या यादीत तुम्ही लेखकाशी असहमत झालात तरी नेमकं कोणत्या पायरीवर झालात हे बोट ठेवून सांगता येतं. प्रबंधातल्या ‘पद्धती’च्या प्रकरणाकडून आपण हीच अपेक्षा करतो ना?

दुसरी ताकद छोट्या उदाहरणांची. प्रत्येक परिस्थितीत त्या प्रश्नाला लागतील तेवढीच पथकं आहेत. पांडिनच्या गाठीत तीन सत्ता आणि सहा पथकं आहेत, पण त्यातलं एकही काढलं तर ती गाठच राहत नाही. तुमच्या विश्लेषणात काहीतरी विचित्र येतंय असं मार्गदर्शकाला सांगायचं असेल तर पूर्ण डेटा घेऊन जाऊ नका. तो विचित्रपणा ज्या किमान ओळींत दिसतो तेवढ्या ओळी घेऊन जा. अर्ध्या वेळेला त्या ओळी शोधतानाच उत्तर सापडतं.

अक्षर चुकलं तर?

यादीतला आणखी एक भाग माणसाच्या चुकांचा आहे, आणि ईमेलवर खेळणाऱ्यांना तो रोज लागतो. नियमपुस्तक सांगतं की हुकूम वाईट लिहिलेला असला तरी त्याचा एकच अर्थ निघत असेल तर तो पाळायचा. स्पेनला दोन किनारे आहेत, उत्तर आणि दक्षिण. गॅस्कनीतल्या आरमाराने नुसतं ‘स्पेन’ लिहिलं तर चालतं, कारण तिथून फक्त उत्तर किनाराच गाठता येतो. पोर्तुगालमधल्या आरमाराने नुसतं ‘स्पेन’ लिहिलं तर दोन्ही किनारे शक्य आहेत, म्हणून हुकूम बाद, आरमार जागेवर.

नवा पंच इथे घसरतो. त्याला वाटतं, ‘अरे, याला दक्षिण किनाराच हवा होता, उघड आहे. त्याचा फ्रान्सशी तह आहे.’ पण या खेळात मुद्दाम चुकीचा हुकूम लिहिणं हा एक जुना डावपेच आहे. मित्राला सांगायचं, ‘अरे, मी पाठिंबा दिला होता रे, लिहिताना चूक झाली.’ आणि ती चूक मुद्दाम केलेली असायची. पंचाने दयाळूपणे ती दुरुस्त केली तर त्याने एका खेळाडूची चाल हिसकावून दुसऱ्याला दिली. म्हणून अर्थ नकाशावरून लावायचा. खेळाडूच्या मनात काय असेल यावरून लावायचा नाही.

प्रश्नावली तपासताना आपल्यापुढे हेच येतं. कोणीतरी वयाच्या रकान्यात ‘२३०’ लिहिलंय. ‘त्याला २३ म्हणायचं असेल’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? रकान्याच्या मर्यादांवरून, की २३ धरलं तर तुमचा आलेख छान दिसतो म्हणून?

दोन तक्रारी

पहिली तक्रार. ही यादी यंत्राकडे झुकलेली आहे. शिकमनचा नियम म्हणतो, ‘गाठ पडली असेल तर’. पण गाठ पडली आहे हे ओळखायचं कोणी? प्रोग्रॅमला ते सोपं आहे : एक हुकूम यशस्वी धरून सगळं सोडव, मग फसला धरून सोडव. दोन्हींतून एकच उत्तर टिकलं तर ठीक. दोन टिकली किंवा एकही टिकलं नाही, तर राखीव नियम लाव. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या पंचाला हे करायला दमछाक होते. याउलट १९७१ च्या नियमपुस्तकात एक साधा नियम होता : कॉन्व्हॉयने आलेलं सैन्य ज्या आरमारावर हल्ला करतंय, ते आरमार जर त्या कॉन्व्हॉयच्याच आरमारावर चाललेल्या चढाईला पाठिंबा देत असेल, तर तो पाठिंबा तुटत नाही. हा नियम पटाकडे बघून लावता येतो, आणि आपले वरचे दोन्ही कॉन्व्हॉयचे प्रकार तो सोडवतो.

मग त्यात वाईट काय? तो अपुरा आहे. दोन कॉन्व्हॉय घ्या. पहिल्या कॉन्व्हॉयचं सैन्य ज्या आरमारावर चालून जातंय, ते दुसऱ्या कॉन्व्हॉयच्या आरमारावरच्या चढाईला पाठिंबा देतंय. आणि दुसऱ्या कॉन्व्हॉयचं सैन्य जिथे निघालंय, तिथलं आरमार पहिल्या कॉन्व्हॉयच्या आरमारावरच्या चढाईला पाठिंबा देतंय. दोन्ही कॉन्व्हॉय पार पडले तरी जुळतं, दोन्ही मोडले तरी जुळतं. १९७१ चा नियम इथे गप्प बसतो, कारण कुठलंच सैन्य स्वतःच्या कॉन्व्हॉयच्या शत्रूला पाठिंबा देणाऱ्यावर जात नाहीये. डीएटीसीत अशा दुसऱ्या पातळीच्या गाठी आहेत, आणि त्यांच्यासाठी शिकमनसारखा सर्वसमावेशक नियमच लागतो.

म्हणजे निवड आहे : माणसाला डोळ्यांनी तपासता येईल असा पण अपुरा नियम, की पूर्ण पण तपासायला यंत्र लागेल असा नियम? यादी दुसऱ्याकडे कौल देते, पण या किमतीबद्दल पुरेसं बोलत नाही. आणि ती किंमत खेळाडू भरतो. केन लोचा ‘जज’ निकालात हुकुमापुढे एखादा शब्द लिहायचा : अडला, तुटला, हुसकावला, बाद. साध्या फेरीत तेवढं पुरतं. गाठीच्या फेरीत ‘हुसकावला’ एवढ्या एका शब्दावर फ्रान्सच्या खेळाडूने विश्वास का ठेवावा? तिथे पंचाने दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत : इथे दोन उत्तरं शक्य होती, अमुक नियमाने हे निवडलं. संशोधनातही ‘सॉफ्टवेअरने असं दिलं’ हे स्पष्टीकरण होत नाही.

दुसरी तक्रार यादीपेक्षा तिच्या वापराबद्दल जास्त आहे. ‘आमचा प्रोग्रॅम डीएटीसी पास करतो’ हे वाक्य शिक्क्यासारखं वापरलं जातं. पण कसोट्या पास होणं म्हणजे ज्या परिस्थिती कोणाला सुचल्या त्यांत प्रोग्रॅम चुकला नाही, इतकंच. न सुचलेल्या परिस्थितींबद्दल ती यादी काहीच हमी देत नाही, देऊही शकत नाही. शिवाय अपेक्षित निकालांत काही ठिकाणी लेखकाची पसंती आहे. लेखकाने ती प्रामाणिकपणे पसंती म्हणून लिहिली, पण पास-नापासच्या रकान्यात गेल्यावर तिचा कायदा होतो. गोल फिरण्याच्या बाबतीत ‘हलू द्या’ हे उत्तर निवडायचं आणि कॉन्व्हॉयच्या गाठीत ‘थांबवा’ हे निवडायचं, यामागे तर्कशास्त्र नाही. दोन्हीकडे दोन सुसंगत उत्तरं होती. एकीकडे नियमपुस्तकाने निवडलं, दुसरीकडे लोकांनी. हे लक्षात ठेवलं तर यादी उपयोगी आहे. विसरलं तर ती पाठ केलेलं उत्तर होते.

क्षेत्राक्षेत्रात हे होतं. कोणीतरी कधीतरी एक सीमारेषा सोयीसाठी निवडते, कारण देऊन निवडते. दहा वर्षांनी ती रेषा सगळे वापरतात आणि कारण कोणालाच आठवत नाही.

मग आपण काय घ्यायचं?

चांगला पंच मुदतीआधीच सांगून ठेवतो की कॉन्व्हॉयची गाठ पडली तर कुठला नियम लागेल, संदिग्ध हुकुमाचं काय होईल, हुकूम आलेच नाहीत तर काय (बहुतेक ठिकाणी : सगळी पथकं जागेवर). डाव सुरू होताना सातही जणांना हे माहीत असतं. फ्रान्स खाडी गमावतो तेव्हा त्याला वाईट वाटतं, पण पंचाने इंग्लंडची बाजू घेतली असं त्याला म्हणता येत नाही. शिकमन निवडला की दुसरा पर्याय निवडला, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. कधी निवडला, हा पहिला आहे. हुकूम उघडल्यानंतर निवडला असेल, तर कितीही चांगल्या कारणाने निवडला तरी तो पक्षपात आहे, कारण तेव्हा प्रत्येक पर्यायापुढे एका खेळाडूचं नाव लिहिलेलं असतं.

संशोधनात याला पूर्वनोंदणी म्हणतात. कोणते नमुने वगळणार, कोणती चाचणी लावणार, हे डेटा बघण्याआधी लिहून ठेवायचं. बऱ्याच विद्यार्थ्यांना हे बाबूगिरीसारखं वाटतं. डेटा उघडल्यावर तुमच्या प्रत्येक पर्यायापुढेही ‘गृहीतक टिकतं’ किंवा ‘गृहीतक पडतं’ असं लिहिलेलं दिसतं, म्हणून ते करायचं.

पंचांकडून घेण्यासारखी एक छोटी सवयही सुचवते. ईमेलने हुकूम एकदम येत नाहीत, एकेक येतात. ज्याचा आला त्याचा लगेच वाचायचा, बाकीच्यांचे दिसायच्या आधी. कोणता हुकूम वैध, कोणता संदिग्ध, कोणता बाद, एवढंच त्याच्यापुढे लिहून ठेवायचं आणि नंतर ते बदलायचं नाही. निकाल अजून तुम्हालाही माहीत नसतो, त्यामुळे निकालाकडे बघून अर्थ लावायचा मोह होतच नाही. मुलाखती किंवा निरीक्षणं कोड करताना हीच पद्धत जशीच्या तशी चालते.

पुढच्या आठवड्यात तुमच्यापैकी ज्यांना संशोधन आराखडा द्यायचा आहे, त्यांनी एक करून बघा. तुमच्या पद्धतीसाठी पाच छोट्या कसोट्या लिहा. प्रत्येकीत दोन-तीन ओळींचा बनावट डेटा आणि खाली अपेक्षित निर्णय. दोन बाळबोध ठेवा, ‘उत्तर समुद्रातून पिकार्डी’ छापाच्या. दोन अशा ठेवा जिथे तुमचे दोन नियम एकमेकांना भिडतात. पाचवी अशी शोधा जिथे तुमच्या नियमांतून दोन उत्तरं निघतात, आणि तिच्याखाली स्पष्ट लिहा : ‘इथे नियम बोलत नाही, मी हे निवडलं, कारण…’ ती पाचवी सापडेपर्यंत डेटाची फाइल उघडू नका.